गृहशिक्षण, शाळा आणि राज्यसंस्था : सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील एका अपवादाचा इतिहास (देवनार परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या कायद्यांना आरंभापासून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलाचे काय करावयाचे? एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्याने या प्रश्नास 'वाजवी सबब' या सदराखाली उत्तर दिले. त्याच परंपरेतून भारतातील सक्तीचे कायदे घडले. २००९ च्या बालशिक्षण हक्क अधिनियमात मात्र हा अपवाद आढळत नाही. त्या अधिनियमाने शाळेची तपशीलवार व्याख्या केली आणि गृहशिक्षणाविषयी मौन बाळगले. या मौनाचा लाभ कोणास होतो आणि त्याची झळ कोणास बसते, याचा विचार मुंबईतील देवनार परिसराच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : गृहशिक्षण, सक्तीचे शिक्षण, वाजवी सबब, शाळाबाह्य मूल, देवनार, बालशिक्षण हक्क अधिनियम २००९

प्रस्तावना

भारतात 'गृहशिक्षण' हा शब्द अलीकडे प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित व आर्थिकदृष्ट्या स्थिर अशा मोजक्या कुटुंबांच्या संदर्भात वापरला जातो. पाठ्यपुस्तककेंद्री शाळेविषयी असमाधानी असलेले पालक मुलांना घरीच शिकवितात, अशी या शब्दामागची प्रतिमा आहे. मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांत अशी कुटुंबे आहेत. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांची मुले ज्या वर्गात मोडतात तो वर्ग फार मोठा आहे. 'शाळेत नाव नसलेले मूल' हा तो वर्ग होय. या वर्गात घरी ग्रंथसंग्रह व संगणक असलेले मूल आहे आणि देवनारच्या कचराभूमीवर भंगार वेचणारे मूलही आहे. दोघांच्या जीवनात साम्य असे काहीच नाही. तथापि हजेरीपटावर दोघांचीही नावे नाहीत एवढ्या एकाच कसोटीवर कायदा त्यांना शेजारी बसवितो.

उद्दिष्टे व पद्धती

१. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांत गृहशिक्षणाचे स्थान कसे बदलत गेले याचा मागोवा घेणे.
२. २००९ च्या अधिनियमातील व्याख्यांचा गृहशिक्षणावर होणारा परिणाम तपासणे.
३. देवनारसारख्या वस्तीत या कायदेशीर संदिग्धतेचा अर्थ काय होतो याची चिकित्सा करणे.

त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी आणि त्यांमागील सार्वजनिक चर्चा यांचा आधार घेतला आहे.

१. कायद्यापूर्वीचे घर

सक्तीचा कायदा येण्यापूर्वी घर आणि शाळा यांमध्ये आजच्यासारखी ठळक सीमारेषा नव्हती. पंतोजीची शाळा कोणाच्या ओसरीवर, कधी देवळाच्या मंडपात भरत असे. वेदविद्या, वैद्यक, कारागिरी यांचे शिक्षण बहुधा घरात किंवा गुरूच्या घरी होई. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२० च्या दशकात करविलेल्या पाहणीत मद्रास शहरात शाळांत शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे साडेपाच हजार, तर घरी शिकणाऱ्यांची सव्वीस हजारांहून अधिक नोंदविली गेली. घरी शिकणाऱ्यांचा हा आकडा फुगलेला असावा अशी शंका खुद्द मन्रो यांनीच व्यक्त केली होती. ती शंका ग्राह्य धरली तरी घरी होणारे शिक्षण मोजण्याजोगे मानले गेले, ही बाब महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाचा आरंभ घराच्या चार भिंतींत झाला. सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनी, आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी, रमाबाई रानडे यांना न्यायमूर्ती रानडे यांनी घरीच अक्षरओळख करून दिली. पंडिता रमाबाईंनी संस्कृतचे धडे आपल्या आईकडून घेतले. शाळेचे दार बंद असलेल्यांसाठी घर हीच शाळा होती. मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. ज्या घरात शिकविणारे कोणी नव्हते त्या घरातील मूल निरक्षर राहिले, आणि अशी घरे जातिव्यवस्थेच्या तळाशी एकवटलेली होती. म्हणूनच १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सक्तीची ही मागणी ज्यांच्या घरात शिक्षण पोहोचू शकत नव्हते त्यांच्या बाजूने झाली होती, हे गृहशिक्षणाची चर्चा करताना नजरेआड करता येत नाही.

२. सक्ती आणि 'वाजवी सबब'

इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक शाळामंडळांना हजेरीची सक्ती करणारे नियम करण्याचा अधिकार दिला. त्याचबरोबर मूल शाळेत न पाठविण्याच्या तीन वाजवी सबबी त्यात नमूद केल्या. मूल अन्य रीतीने परिणामकारक शिक्षण घेत असणे ही पहिली, आजारपण अथवा अपरिहार्य कारण ही दुसरी आणि ठरावीक अंतरात शाळा नसणे ही तिसरी सबब होय. गृहशिक्षणास आधुनिक कायद्यात मिळालेले हे आरंभीच्या स्थानांपैकी एक आहे. त्याचे स्वरूप लक्षणीय आहे. पालकाचा स्वतंत्र हक्क म्हणून ते मान्य झाले नव्हते. खटला उभा राहिल्यास पालकाने मांडावयाचा बचाव, एवढेच त्याचे रूप होते. तरीही त्यात एक कसोटी अंतर्भूत होती : शिक्षण 'परिणामकारक' असले पाहिजे. पुढे १९४४ च्या इंग्रजी कायद्याने मुलास 'शाळेतील नियमित हजेरीने अथवा अन्यथा' शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले आणि 'अन्यथा' या एका शब्दाने गृहशिक्षण बचावाच्या कक्षेतून कर्तव्याच्या कक्षेत आले.

भारतात हा विचार नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विधेयकाद्वारे केंद्रीय विधिमंडळापुढे आला. १६ मार्च १९११ रोजी मांडलेले हे विधेयक इंग्लंड व आयर्लंड येथील कायद्यांच्या धर्तीवर बेतलेले होते. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांपुरती सक्ती, ती लागू करण्याचा निर्णय स्थानिक संस्थांकडे, आणि दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी, असे त्याचे माफक स्वरूप होते. शेतीची हंगामी कामे व घरगुती अडचण यांना आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्याने सबबीचा दर्जा दिला होता. शेतीप्रधान देशात सक्ती आणावयाची तर अशा सवलती आवश्यकच होत्या. १९ मार्च १९१२ रोजी हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तथापि सक्ती, दंड आणि सबबी या तीन घटकांची त्याची चौकट पुढील प्रांतिक कायद्यांच्या बुडाशी राहिली.

३. संस्थाने आणि मुंबई प्रांत

ब्रिटिश हिंदुस्थानात चर्चा चालू असताना संस्थानांनी प्रत्यक्ष कृती केली होती. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदा संस्थानातील अमरेली भागात १८९३ साली सक्तीचा प्रयोग केला व १९०६ साली तो संपूर्ण संस्थानास लागू केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. त्या काळातील मजुरीचा विचार करता हा दंड किरकोळ नव्हता.

मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा जिल्हा नगरपालिकांसाठीचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील सक्तीच्या शिक्षणाचा हा पहिला कायदा होय. मुंबई शहरासाठी १९२० साली स्वतंत्र कायदा करण्यात आला. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्रांतिक कायदा आला आणि पुढे त्याची जागा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ याने घेतली. या कायद्यांचा गाभा एकच होता : स्थानिक संस्थेने सक्तीची योजना आखावी, मुलांची यादी करावी, गैरहजर मुलाच्या पालकास नोटीस द्यावी, आणि वाजवी सबब नसल्यास दंड करावा.

या परंपरेतील 'वाजवी सबब' म्हणजे काय, हे दिल्लीच्या १९६० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात स्पष्ट वाचावयास मिळते. मूल अन्य रीतीने शिक्षण घेत असून ते समाधानकारक असल्याचे शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने जाहीर केलेले असणे, ही त्यातील एक सबब होती. इंग्रजी कायद्यातील 'परिणामकारक' हा शब्द येथे 'समाधानकारक' असा झाला आणि समाधान कोणाचे व्हावयाचे हेही निश्चित झाले. शासनाने पाहणी करावी व मग मान्यता द्यावी, असा हा संकेत होता. प्रत्यक्षात दंडाच्या तरतुदी क्वचितच अंमलात आल्या, कारण पुरेशा शाळाच नसताना पालकास दंड करणे राज्यसंस्थेस नैतिकदृष्ट्या अवघड होते. परंतु घरी शिकणाऱ्या मुलास कायद्यात एक नाव होते, एवढे मात्र खरे.

४. देवनार : सक्तीच्या सीमेवरील प्रदेश

मुंबई शहरात सक्तीच्या शिक्षणाचा प्रारंभ १९२५ साली एफ व जी या विभागांत झाला. परळ, नायगाव, वरळी यांसारख्या कामगारवस्तीचा हा पट्टा होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ साली, शहराचा कचरा देवनार येथे टाकण्यास सुरुवात झाली. तत्पूर्वीही कुर्ला-चेंबूर लोहमार्गाचा उपयोग कचरागाड्यांसाठी होत असे. देवनार त्या वेळी शहराच्या हद्दीबाहेर, उपनगर जिल्ह्यात होते. शहराने आपली शाळा हद्दीच्या आत ठेवली व कचरा हद्दीबाहेर नेला, असे या दोन घटना एकत्र वाचल्यास म्हणावे लागते. १९५० साली हा परिसर बृहन्मुंबईत समाविष्ट झाला.

त्यानंतरच्या काळात येथे दोन भिन्न प्रकारच्या संस्था उभ्या राहिल्या. १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्था देवनारच्या आवारात आली आणि १९७१ साली महापालिकेचा पशुवधगृह प्रकल्प सुरू झाला. शहराच्या मध्यभागातून हटविलेल्या झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चीता कॅम्प या भागांत होत गेले. सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलेल्या कचराभूमीच्या कडेने राहणाऱ्या कुटुंबांसाठी कचरा हेच उपजीविकेचे साधन बनले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागात देवनार मोडते त्याचे स्थान शहरातील सर्व विभागांत शेवटचे होते.

या वस्तीत घर आणि कामाची जागा यांत फरक करणे कठीण आहे. वेचून आणलेले प्लास्टिक, काच, धातू यांची निवड घराच्या दारातच होते. मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते म्हणून आई कामावर जाऊ शकते. अशा घरातील मूल शाळेत गेले नाही तर ते 'घरी' असते हे खरे, परंतु ते घरी शिकत असते असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीस मोठी आग लागली तेव्हा धुरामुळे परिसरातील महापालिका शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ज्या दिवशी शाळा बंद असते त्या दिवशी येथील मुलास शिक्षणाचा दुसरा आधार उरत नाही, ही वस्तुस्थिती त्या निमित्ताने अधोरेखित झाली.

५. २००९ चा अधिनियम : शाळेची व्याख्या आणि घराविषयीचे मौन

संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षे वयापर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे निदेशक तत्त्व घालून दिले होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास मूलभूत हक्काचे स्वरूप दिले. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला, आणि त्याच्या पूर्ततेसाठी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०११ साली केले.

या अधिनियमातील व्याख्यांचा क्रम उद्बोधक आहे. कलम २ मध्ये शाळेचे चार प्रकार दिले आहेत : शासकीय किंवा स्थानिक प्राधिकरणाची, अनुदानित, विशेष प्रवर्गातील आणि विनाअनुदानित. कलम ३ सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकास 'नजीकच्या शाळेत' शिक्षण घेण्याचा हक्क देते. कलम ८ नुसार 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे मोफत शिक्षण पुरविण्याचे आणि प्रवेश, हजेरी व पूर्णता यांची खात्री करण्याचे शासनाचे बंधन होय. कलम १० पालकावर मुलास नजीकच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य टाकते. कलम १८ मान्यतेविना शाळा चालविण्यास मनाई करते व उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास असे मानक आहे.

या साऱ्या मांडणीत दोन बदल ठळकपणे दिसतात. पहिला असा की सक्तीचा भार पालकावरून शासनावर सरकला. कलम १० चे कर्तव्य मोडणाऱ्या पालकास कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. फुले-शाहू परंपरेतील आग्रहाचा आशय टिकवून गरीब पालकावरील दंड टाळण्याचा हा मार्ग स्वागतार्ह मानला पाहिजे. दुसरा बदल फारसा चर्चिला गेला नाही. दंड गेला तशी सबबही गेली. जुन्या कायद्यात दंडापासून बचाव म्हणून गृहशिक्षणाचा उल्लेख येत असे. दंडच नसल्यामुळे बचावाची गरज उरली नाही, आणि त्याबरोबर 'अन्य रीतीने समाधानकारक शिक्षण' ही संकल्पना कायद्याच्या भाषेतून नाहीशी झाली. गृहशिक्षण निषिद्ध ठरले नाही, परंतु ते मान्यही राहिले नाही.

या संदिग्धतेचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. २०१२ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तेथे सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा अधिनियम येत नाही, अशी भूमिका मांडली. तथापि ही भूमिका दुरुस्तीच्या रूपाने अधिनियमाच्या मजकुरात उतरली नाही. परिणामी गृहशिक्षणाचे स्थान आजही कायद्याच्या अर्थबोधावर अवलंबून आहे.

६. परंतुकातील घर

अधिनियमात घराचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३ मध्ये एक परंतुक जोडले गेले. त्यानुसार बहुविकलांग किंवा तीव्र विकलांगता असलेल्या बालकास गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शाळेत जाऊ न शकणाऱ्या तीव्र विकलांग बालकांसाठी हा पर्याय कायम ठेवला आहे. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा व प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले.

या तरतुदीतील 'पर्याय' हा शब्द तपासून घेतला पाहिजे. ज्या शाळेत उतरंड, स्वच्छतागृह व विशेष शिक्षक आहेत त्या शाळेच्या शेजारी राहणाऱ्या विकलांग मुलाने घर निवडणे हा पर्याय ठरतो. देवनारच्या अरुंद गल्लीतील मुलास चाकाची खुर्ची दारापर्यंतही आणता येत नसेल, तर त्याच्या बाबतीत घर ही निवड राहत नाही. शाळेने आपली जबाबदारी घरावर ढकलण्यासाठी या परंतुकाचा वापर होऊ नये, अशी चिंता विकलांगांच्या शिक्षणाच्या क्षेत्रात व्यक्त होते, ती याच कारणाने. कायद्याने जेथे घराला नाव दिले तेथेही घराची गुणवत्ता तपासण्याची यंत्रणा अधिनियमाच्या मजकुरात दिली नाही.

७. प्रमाणपत्राचा मार्ग

कायद्याच्या मौनामुळे गृहशिक्षणाचे प्रत्यक्ष नियमन परीक्षा व प्रमाणपत्रे यांच्याद्वारे होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब व क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांशी समकक्ष असून पुढे माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांची सोय आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून खाजगीरीत्या बसण्याची प्रथा तर अनेक दशकांची आहे. मात्र हा फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. ज्याने शाळेत कधी पाऊलच ठेवले नाही त्याने शाळा सोडल्याचा दाखला आणावयाचा कोठून, हा प्रश्न या पद्धतीच्या मुळाशी आहे. शाळा अर्धवट सोडलेले मूल हाच तिचा गृहीत विद्यार्थी आहे.

२००९ च्या अधिनियमाने परतीचे दार मात्र उघडे ठेवले आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. कलम ४ नुसार शाळेत कधीही न गेलेल्या मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळते. वयाच्या पुराव्याअभावी किंवा उशिराच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी हे संरक्षण मोलाचे आहे. पालकांचा प्रयोग फसला किंवा कुटुंबाची परिस्थिती बदलली तर मूल अडकून पडत नाही.

इतर देशांच्या अनुभवाकडे पाहिल्यास उत्तरे टोकाची भिन्न आहेत. जर्मनीत शाळेची हजेरी अनिवार्य असून २००६ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती भूमिका ग्राह्य मानली. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले होते, परंतु काही राज्ये साधी सूचनाही मागत नाहीत, तर काही राज्ये अभ्यासयोजना व मूल्यमापन मागतात. या सर्वांना नाव, व्याख्या व भूमिका आहे. भारतीय कायद्याने यांपैकी कोणताही मार्ग स्पष्टपणे निवडलेला नाही.

८. शाळेचे तास आणि मुलाचे काम

या मौनाची खरी किंमत बालमजुरीच्या कायद्याशी ताडून पाहिल्यावर कळते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. तथापि धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने 'शाळेच्या तासांनंतर किंवा सुटीत' मदत करण्यास मुभा राहिली. या मुभेची मर्यादा शाळेच्या घड्याळाने आखली आहे. ज्या मुलाला शाळाच नाही त्याचे शाळेचे तास कोणते? गृहशिक्षणाची व्याख्या नसल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर कायद्यात सापडत नाही. घरी शिकवितो असे सांगणाऱ्या पालकाच्या मुलाचा कामाचा तास कोठे सुरू होतो व शिकण्याचा कोठे संपतो, हे ठरविण्याचे साधन निरीक्षकाच्या हाती नाही.

दुसरीकडे 'शाळाबाह्य मूल' ही प्रशासकीय संज्ञा आहे. शाळेत कधीही दाखल न झालेले किंवा दाखल होऊन पूर्वसूचनेविना सलग ४५ दिवस वा त्याहून अधिक गैरहजर असलेले मूल, अशी तिची केंद्रीय व्याख्या करण्यात आली. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी अशा मुलांचा शोध घेण्यासाठी एकाच दिवशी राज्यव्यापी सर्वेक्षण झाले. या व्याख्येत मूल काय शिकते याचा निर्देश नाही, फक्त ते कोठे नाही एवढेच आहे. त्यामुळे गृहशिक्षण घेणारे मूल तांत्रिकदृष्ट्या शाळाबाह्य ठरते. सुशिक्षित पालक सर्वेक्षकास आपली भूमिका समजावून सांगू शकतात. कचरा वेचणाऱ्या मुलाच्या वतीने दारात कोणीच नसते, कारण सर्वेक्षक येतो त्या वेळी घरातील सर्व माणसे कामावर असतात.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यसंस्थेनेच प्रत्येक घराला वर्ग बनविले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षे शहरातील सर्व लहान मुले घरी शिकत होती, असे कागदोपत्री म्हणावे लागते. एका मोबाइलवर तीन भावंडांचे वर्ग आणि तोच मोबाइल वडिलांच्या कामासाठी, ही परिस्थिती देवनार-गोवंडीसारख्या वस्त्यांना अपरिचित नव्हती. घराची शिकविण्याची क्षमता समान नसते, हे फुले यांनी १८८२ साली मांडलेले सत्य या काळात नव्याने प्रत्ययास आले.

निष्कर्ष

१. सक्तीच्या शिक्षणाच्या जुन्या कायदेपरंपरेत गृहशिक्षणास सबबीचे, म्हणजे दुय्यम परंतु निश्चित स्थान होते. २००९ च्या अधिनियमाने पालकांवरील दंडाबरोबर ते स्थानही काढून टाकले.

२. कायद्याच्या मौनाचे परिणाम समान नाहीत. साधनसंपन्न कुटुंबास त्यातून स्वातंत्र्य मिळते व प्रमाणपत्राची वाट शोधणे त्यास शक्य होते. देवनारसारख्या वस्तीतील मुलाच्या बाबतीत तेच मौन त्याच्या श्रमावर पांघरूण घालू शकते.

३. गृहशिक्षणाची व्याख्या करताना केवळ पालकाच्या इच्छेस प्रमाण मानल्यास कोणत्याही शाळाबाह्य मुलास 'घरी शिकणारे' म्हणण्याची पळवाट निर्माण होईल. केवळ हजेरीस प्रमाण मानल्यास प्रामाणिकपणे शिकविणारी कुटुंबे नियमभंगाच्या छायेत राहतील. म्हणून व्याख्येचा आधार मुलाचा दिवस हा असावा : त्यास शिकण्यासाठी किती निर्वेध वेळ मिळतो, त्यास शिकविणारे कोणी आहे काय, आणि ते मजुरीपासून मुक्त आहे काय.

४. त्यासाठी पूर्वपरवानगीपेक्षा नोंदणी हा मार्ग अधिक योग्य ठरेल. कलम ९ नुसार आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा अभिलेख ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. त्या अभिलेखात गृहशिक्षणाचा स्वतंत्र रकाना असावा, वर्षातून एकदा मुलाची प्रत्यक्ष भेट व्हावी, आणि अशा मुलांसाठी बालकामगार कायद्याच्या प्रयोजनार्थ शिक्षणाचे तास निश्चित करावेत. दाखल्याअभावी परीक्षेचे दार बंद होऊ नये अशी सोयही आवश्यक आहे.

१८७० च्या कायद्यात पालकास विचारला गेलेला प्रश्न साधा होता : मूल शाळेत नाही, तर ते शिकते आहे काय? दीडशे वर्षांत या प्रश्नातील पहिला भाग राज्यसंस्थेने कसोशीने जपला आणि हजेरीपट, सर्वेक्षणे व संज्ञा घडविल्या. दुसरा भाग मागे पडला. गृहशिक्षणाची कायदेशीर व्याख्या करण्याचे महत्त्व मूठभर कुटुंबांच्या सोयीपुरते मर्यादित नाही. हा दुसरा प्रश्न देवनारच्या कचराभूमीच्या कडेला राहणाऱ्या मुलाच्या दारातही विचारला जावा, यासाठी ती व्याख्या हवी आहे.